पिकांचे अंगभूत विष: निपाणीच्या काळ्या रानातून एक आढावा

निपाणीच्या आसपास, दूधगंगा-वेदगंगेच्या खोऱ्यातल्या काळ्या जमिनीत, विडीचा तंबाखू पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला आहे. महामार्गाने थोडे दक्षिणेला गेले की संकेश्वर लागते आणि त्या गावाच्या नावाने ओळखली जाणारी तिखट मिरची आठवते. तिथून पूर्वेकडे, गोकाक-सौंदत्ती-बैलहोंगलच्या बाजूला, रब्बी ज्वारी, हरभरा आणि कापूस. बेळगाव जिल्ह्याच्या या पट्ट्यात एकाच शिवारात निकोटिन, कॅप्सेसिन, धुरिन, ऑक्झॅलिक आम्ल आणि गॉसिपॉल ही पाच वेगवेगळी संरक्षक रसायने तयार होतात. त्यातले एकही माणसासाठी घडलेले नाही. किडा, बुरशी, उंदीर, गुरे, दुष्काळ यांच्याशी लाखो वर्षे झालेल्या झगड्यातून ती आली. ही रसायने नेमके काय काम करतात आणि शेतीने त्यांचे काय केले, या दोन प्रश्नांचा येथे आढावा घ्यायचा आहे. पुराव्यावरून मला दिसते ते असे: वनस्पती आपले विष फार हिशेबाने खर्च करते. ज्या पिकात बाजाराने विषालाच भाव दिला, तिथे तो खर्च आपण जबरदस्तीने वाढवला; ज्या पिकात बाकी मालाला भाव दिला, तिथे संरक्षणाकडे पाहायचेच राहून गेले. दोन्हीकडे वनस्पतीचा स्वतःचा हिशेब मोडला आणि त्याची भरपाई आज शेतकरी फवारणीच्या बिलात करतो आहे.

शास्त्रानेही एकेकाळी या द्रव्यांच्या कामाकडे असेच दुर्लक्ष केले होते. निकोटिन किंवा टॅनिनसारखी द्रव्ये म्हणजे वनस्पतीच्या चयापचयातला टाकाऊ माल, असे मानणारे बरेच होते. १९५९ साली गॉटफ्रीड फ्रँकेल यांनी ‘सायन्स’मधील एका गाजलेल्या लेखात मांडले की या द्रव्यांचे प्रयोजनच कीटकांपासून बचाव हे आहे, आणि कोणता किडा कोणत्या झाडावर जगतो हेही बहुतांशी त्यांच्यावरूनच ठरते. आज अशा द्रव्यांची संख्या दोन लाखांहून अधिक असावी असा अंदाज केला जातो. मात्र त्यांचा आढावा घेताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. विष बनवायला नत्र लागते, कार्बन लागतो, ऊर्जा लागते. तेवढे दाण्याला, पानाला, मुळाला कमी पडते. म्हणून झाड सदासर्वकाळ, सर्वांगी, सारखेच विषारी राहत नाही. कुठे, केव्हा आणि किती, हे ते परिस्थिती पाहून ठरवते.

याचा सर्वांत नीट अभ्यासलेला नमुना निपाणीकरांच्या ओळखीचाच आहे. तंबाखूचे मोल पानात असले तरी निकोटिन पानात तयार होत नाही. ते मुळांत बनते आणि पाण्याच्या वाटेने वर चढते. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला कलमे करून हे सिद्ध झाले. टोमॅटोच्या मुळावर तंबाखूचा शेंडा बांधला तर पानांत निकोटिन जवळपास आले नाही. तंबाखूच्या मुळावर टोमॅटो बांधला तर टोमॅटोच्या पानांत ते साठले. पान कुरतडले गेले की जखमेच्या जागी जॅस्मोनिक आम्लाचा संदेश तयार होतो, तो मुळांपर्यंत पोचतो आणि मुळे निकोटिनची निर्मिती वाढवतात. आता शेतकरी काय करतो ते पाहा. फुलोऱ्याच्या सुमारास तो शेंडा खुडतो आणि नंतर पुन्हा पुन्हा येणाऱ्या बगलफुटी काढत राहतो. त्यामुळे बियांकडे जाणारे अन्न पानांकडे वळते, हे कारण सर्वांना ठाऊक आहे. दुसरे कारण रासायनिक आहे. शेंडा जाणे म्हणजे झाडाच्या लेखी मोठा घाव, आणि त्याला उत्तर म्हणून मुळे निकोटिन वर पाठवत राहतात. पान जाड होते, वजनदार होते आणि कडक होते. व्यापारी ज्या कडकपणाला भाव देतो तो त्या झाडाने संकटात केलेला खर्च असतो.

या खर्चाचा झाडाला खरोखर उपयोग होतो का, याची परीक्षा अमेरिकेतील युटाच्या वाळवंटात रानटी तंबाखूवर झाली. जर्मनीत येना येथील माक्स प्लांक रासायनिक परिस्थितिकी संस्थेतील इयन बॉल्डविन यांच्या गटाने निकोटिन बनवणारे जनुक निष्प्रभ केलेली रोपे नैसर्गिक अधिवासात लावली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार या रोपांच्या पानांचा किड्यांनी खाल्लेला भाग साध्या रोपांच्या तिप्पट होता. त्याआधी २००१ साली याच गटाने दाखवले होते की अळी लागलेले झाड हवेत विशिष्ट गंध सोडते, त्या गंधावर अळीची अंडी खाणारे ढेकूणवर्गीय मित्रकीटक येतात आणि अळ्यांची संख्या ९० टक्क्यांहूनही अधिक घटू शकते. याहून विलक्षण बाब तंबाखूवर वाढणाऱ्या शिंगअळीची. तिला निकोटिन पचते. तिच्या लाळेची ओळख पटली की झाड निकोटिन वाढवण्याचे थांबवते. जे शस्त्र चालणार नाही त्यावर ते खर्च करत नाही. उलट हीच अळी खाल्लेल्या निकोटिनचा थोडा भाग श्वसनछिद्रांतून बाहेर सोडते आणि त्या वासाने कोळी तिच्यापासून दूर राहतात, असे २०१४ साली दिसून आले. त्या अभ्यासातील एक संशोधक सागर पंडित आज पुण्याच्या आयसरमध्ये याच विषयावर काम करतात.

म्हणजे विष ही अभेद्य भिंत नाही, आणि निपाणीच्या शेतकऱ्याला हे सांगायची गरजही नाही. पाने खाणाऱ्या ज्या अळीचे शास्त्रीय नाव स्पोडोप्टेरा लिट्युरा, तिची सर्वत्र ओळखच तंबाखूची अळी अशी आहे. रोपवाटिकेत ती फडशा पाडते. मावा तर आणखी शिकवून जातो. हिरव्या माव्याची एक उपजात तंबाखूवर जगायला सरावली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, निकोटिन मोडणारे एक विकर तिच्या शरीरात प्रचंड प्रमाणात तयार होते, कारण त्याच्या जनुकाच्या अनेक प्रती तिच्यात झाल्या आहेत. १९९१ पासून बाजारात आलेले इमिडाक्लोप्रिड आणि त्याच्या कुळातली इतर औषधे किड्याच्या मज्जासंस्थेत निकोटिनच्याच जागी जाऊन बसतात. तंबाखूशी झगडताना माव्याने जे विकर वाढवले, तेच या नव्या औषधांविरुद्धही त्याच्या कामी आले. कारखान्यातले औषध शेतात पोचण्याआधीच त्याच्या प्रतिकाराची पूर्वतयारी झालेली होती.

रसायन शत्रूच्या हातीही लागते. काळ्या रानात तंबाखूच्या बुडाशी फिकट, बिनपानांचा, जांभळट फुलांचा एक दांडा जमीन फोडून वर येतो. हा बंबाखू. त्याच्यात हरितद्रव्य नाही, स्वतःचे अन्न तो बनवू शकत नाही. तंबाखूच्या मुळात घुसून तो जगतो. त्याचे धुळीएवढे बी जमिनीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि यजमानाच्या मुळाची चाहूल लागल्यावरच रुजते. ही चाहूल म्हणजे मुळांनी जमिनीत सोडलेली स्ट्रायगोलॅक्टोन नावाची द्रव्ये. ज्वारीच्या मुळांवर जगणारे टारफुला हे तणही असेच रुजते. कापसाच्या मुळांतून असे पहिले द्रव्य १९६६ साली वेगळे काढले गेले, पण झाड स्वतःच्या मारेकऱ्याला आमंत्रण का देते याचे उत्तर २००५ साली मिळाले: स्फुरद कमी असलेल्या जमिनीत याच द्रव्यांनी झाड मुळांशी मैत्री करणाऱ्या बुरशीला बोलावते आणि ती बुरशी दूरवरचे स्फुरद आणून देते. बंबाखू आणि टारफुला हे त्या निरोपाचे चोरटे श्रोते आहेत. २०१७ साली ज्वारीच्या टारफुला-प्रतिकारक वाणांत एका जनुकातल्या बदलामुळे मुळांतून पाझरणारे स्ट्रायगोलॅक्टोन वेगळ्या प्रकारचे झाल्याचे आढळले. त्याने टारफुल्याचे बी फारसे जागे होत नाही. इथे निरोप बंद करावा लागला नाही. त्याचा प्रकार बदलताच शत्रूला तो नीट ऐकू येईनासा झाला.

संकेश्वरी मिरचीकडे वळू. तिखटपणा बियांत असतो असा सर्वसाधारण समज आहे. मिरची उभी चिरून पाहिली तर बिया ज्या पांढऱ्या पडद्याला धरून असतात, तिथे कॅप्सेसिन तयार होते. बियांना ते लागते इतकेच. सस्तन प्राण्यांच्या तोंडात ते उष्णता आणि वेदना जाणवून देणाऱ्या ग्राहीवर बसते. डेव्हिड ज्यूलियस यांनी हा ग्राही १९९७ साली शोधला आणि त्याबद्दल त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले. पक्ष्यांचा ग्राही कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून पोपट मिरच्या खुशाल फोडतो. उंदीर बी चावून नष्ट करतो, तर अनेक पक्षी ते सबंध गिळून दूरवर टाकतात. मिरचीने कोणाला अडवायचे आणि कोणाला येऊ द्यायचे हे असे ठरवले. जॉशुआ ट्यूक्सबरी आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियातील रानमिरच्यांवर पुढे काम केले. किड्याने टोचलेल्या भोकांतून फळात शिरणाऱ्या फ्युझेरियम बुरशीपासून कॅप्सेसिन बियांचे रक्षण करते, हे त्यातून २००८ साली स्पष्ट झाले. मग सगळ्याच मिरच्या तिखट का नाहीत? त्याचे उत्तर २०१२ साली आले: पाण्याचा ताण पडला की तिखट झाडांना बिनतिखट झाडांच्या निम्म्यानेच बिया धरल्या. बुरशीच्या दमट मुलखात तिखटपणा परवडतो, कोरड्या मुलखात तो महाग पडतो.

हिशेब कसा बदलतो ते ज्वारी आणखी ठळकपणे दाखवते. गुरांना किरळ लागते हे आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे. कोवळी ज्वारी, कापणीनंतर फुटलेले धुमारे, किंवा पावसाने ताण दिलेले खुरटे पीक जनावराने खाल्ले तर ते तासाभरातही दगावू शकते. कारण धुरिन. हे द्रव्य १९०२ साली ज्वारीतच सापडले. पेशीत ते एका कप्प्यात असते आणि त्याला मोडणारे विकर दुसरीकडे. पान चावले गेले की दोन्ही एकत्र येतात आणि हायड्रोसायनिक आम्ल मोकळे होते. अंधारात उगवलेल्या कोंबाच्या टोकात धुरिनचे प्रमाण सुक्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ताटे वाढतात तसे ते विरळ होत जाते. झाड ज्या वयात एका घासात संपू शकते त्या वयात विष भरपूर, आणि अंगात बळ आल्यावर कमी. साठलेल्या धुरिनमधले नत्र झाड पुन्हा वाढीसाठी वापरू शकते असेही अलीकडे दिसून आले आहे. म्हणजे तेच द्रव्य संरक्षण आहे आणि शिल्लकही. पीक पोटरीत येऊन फुलोऱ्याला लागेपर्यंत गुरांना ज्वारीत सोडू नये हा जुना दंडक या रसायनाच्या वेळापत्रकाशी तंतोतंत जुळतो.

हरभऱ्याची आंब हे तर उघड्यावर ठेवलेले रसायन. थंडीत पहाटे पिकावर पातळ धुतलेले फडके अंथरायचे, दवाबरोबर पानांवरच्या केसांतून पाझरलेला आंबट रस त्यात भिजवून घ्यायचा आणि पिळून काढायचा. पोटदुखीवर औषध म्हणून घरोघरी ती ठेवली जाई. तिच्यात मुख्यतः मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्ले असतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधील कामावरून असे दिसले की ऑक्झॅलिक आम्लामुळे घाटे अळीची वाढ खुंटते, आणि त्याचे प्रमाण वाणावाणांत वेगळे असते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि सहकाऱ्यांनी घाटे अळीचे पचन रोखणाऱ्या वनस्पती-प्रथिनांचा दीर्घ अभ्यास केला. त्यात मिरचीच्या कुळातून मिळालेली प्रथिने विशेष प्रभावी ठरली. पण त्यांच्याच कामातून हेही पुढे आले की अळी अशा प्रथिनांना तोंड देताना आपली पाचक विकरे बदलते. एकच प्रथिन पुरे पडत नाही, वेगवेगळ्या प्रकारांची सांगड लागते.

आता मूळ मुद्द्याकडे. कापसाच्या पानावर आणि बोंडावर बारीक काळे ठिपके दिसतात, त्या गॉसिपॉलच्या ग्रंथी. सरकीतले गॉसिपॉल माणसाला आणि कोंबड्यांना अपायकारक, म्हणून १९५०च्या दशकात अमेरिकेत ग्रंथीच नसलेला कापूस शोधून वाढवला गेला. सरकी निर्धोक झाली, पण एरवी कापसाकडे न फिरकणारे किडेही त्यावर तुटून पडले आणि ते वाण टिकले नाहीत. पुढे टेक्सासमधील कीर्ती राठोड यांनी फक्त बियांतले गॉसिपॉल कमी करून पाने-बोंडांतले कायम ठेवले. ते काम २००६ साली प्रसिद्ध झाले. मक्यात तर असे नुकसान कोणाच्या लक्षातही आले नव्हते. मुळे कुरतडणारी अळी आली की मका जमिनीत एक गंध सोडतो आणि त्यावर अळीला मारणारे सूत्रकृमी येतात. २००५ साली आढळले की अमेरिकेतील बहुतेक वाणांतून हा गंध नाहीसा झालेला आहे, युरोपीय वाणांत आणि मक्याच्या रानटी पूर्वजांत मात्र तो शाबूत आहे. निवड करणाऱ्यांनी कणसे मोजली. मुळाचा वास कोणी मोजलाच नाही. दुसऱ्या टोकाला तंबाखू. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. तो लढा पानाच्या भावासाठी होता आणि न्याय्य होता. पण ज्या गुणावर पानाचा भाव ठरतो, तो गुण झाडाच्या बचावाचाच आहे. बाजाराने एका पिकात संरक्षण विकत घेतले, दुसऱ्यात ते हिशेबातच धरले नाही. वनस्पतीच्या गरजेशी दोहोंचा संबंध नाही.

यावर पहिला आक्षेप उत्पादनाचा. संरक्षणाला खर्च लागतो हे मान्य केले, तर तो खर्च काढून टाकून दाणे वाढवणे आणि बचावाचे काम औषधावर सोपवणे यात चूक ती काय? या युक्तिवादात तथ्य आहे. हरितक्रांतीचे धान्य त्याच वाटेने आले आणि उपाशी पोटांचा विचार करता ते नाकारता येत नाही. मात्र झाडाचा खर्च कमी झाला म्हणून शेताचा झाला असे होत नाही. नत्र वाचले, पण औषध, पंप, मजुरी आणि फवारणाऱ्याची प्रकृती यांची भर पडली. शिवाय झाड विष मारा झाल्यावर, त्या जागी आणि त्या प्रमाणात वाढवते. कॅलेंडर पाहून केलेली फवारणी मारा असो नसो होते आणि मित्रकीटकही मारते. जिरायत शेतकऱ्याला दोन क्विंटल जास्त देणारा पण चार फवारण्या मागणारा वाण परवडतो का, हे गणित वाणाच्या शिफारशीतच मांडले गेले पाहिजे.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. नैसर्गिक विष म्हणजे निरुपद्रवी, असा समज सध्या फार पसरला आहे. सुभाष पाळेकर यांच्या नैसर्गिक शेतीच्या पद्धतीतील अग्निअस्त्र या घरगुती कीडनाशकात गोमूत्र, कडुनिंब, लसूण, तिखट मिरची आणि तंबाखू असतो. म्हणजे निपाणी आणि संकेश्वर एकाच भांड्यात. शेतकऱ्याचा रोख खर्च वाचतो ही त्याची जमेची बाजू आहे. पण निकोटिन हे अत्यंत तीव्र विष आहे. ओला तंबाखू हाताळणाऱ्या मजुरांच्या त्वचेतून ते शरीरात जाते. मळमळ, चक्कर, उलट्या होतात. निपाणीच्या वखारींत आयुष्य काढलेल्या बायकांनी तंबाखूच्या धुळीची किंमत श्वासाने मोजली आहे. निकोटिन सल्फेटच्या देशांतर्गत वापरावर भारतात बंदी आहे, ती उगाच नाही. घरच्या अर्कात त्याचे प्रमाण दरवेळी वेगळे असते, आणि फवारल्यावर ते मित्र-शत्रू ओळखत नाही. झाडाच्या पेशीत कप्प्यात राखलेले विष आणि बादलीत कालवलेले विष यांत हा फरक आहे. म्हणून झाडाच्या अंगच्या संरक्षणाची बाजू घेणे म्हणजे प्रत्येक अर्काची बाजू घेणे नव्हे. हातमोजे, प्रमाण आणि काढणीपूर्वीचा अवधी यांचे नियम घरच्या अर्कालाही लागू हवेत.

तिसरा आक्षेप असा की किडे शेवटी मात करतातच, मग या संरक्षणाचा भरवसा काय? २०१८ साली शिवमोग्ग्याकडे प्रथम नोंदली गेलेली अमेरिकन लष्करी अळी पाहता पाहता देशभर मक्यावर पसरली. मक्याचे स्वतःचे विष ती पोटात पुन्हा साखरेला जोडून निकामी करते. हे खरे आहे. तरीही वर आलेला प्रत्येक दाखला नीट पाहिला तर किड्याने मात केली ती एकट्या द्रव्यावर. रानटी तंबाखू केवळ निकोटिनवर विसंबून नसतो. त्याच्याकडे पचन रोखणारी प्रथिने आहेत, मित्रकीटकांना बोलावणारे गंध आहेत, आणि कोणता शत्रू आला आहे हे ओळखून शस्त्र बदलण्याची सोय आहे. आपण त्यातले एकच उचलतो, शेकडो एकरांवर एकसारखे पेरतो किंवा फवारतो, आणि ते निष्प्रभ झाले की निसर्गाला दोष देतो.

तेव्हा करायचे काय? या पट्ट्याजवळ साधने कमी नाहीत. निपाणीत धारवाड कृषी विद्यापीठाचे तंबाखूवर काम करणारे संशोधन केंद्र आहे, सीमेपलीकडे राहुरीच्या विद्यापीठाची केंद्रे आहेत, पुण्यात रसायने मोजणाऱ्या उत्तम प्रयोगशाळा आहेत. ज्वारी, हरभरा, मिरची यांच्या नव्या वाणांच्या चाचणीत एकरी उताऱ्याशेजारी आणखी एक रकाना हवा: कोणते संरक्षक द्रव्य, कोणत्या भागात, कोणत्या वयात, आणि विनाफवारणीच्या वाफ्यात नुकसान किती. संकेश्वरीसारखे जवारी वाण संकरित बियाण्यांपुढे मागे पडत असताना त्यांचे बी केवळ चवीसाठी जपणे पुरेसे नाही. त्यांच्यात काय आहे ते मोजून नोंदले पाहिजे, कारण न मोजलेला गुण नकळत कसा हरवतो हे मक्याने दाखवले आहे. सिंचन आले तसा या भागात ऊस वाढला आणि सोयाबीन आले. तंबाखूचे रान कमी होणे आरोग्याच्या दृष्टीने चांगलेच आहे. पण एका पिकाच्या जागी दुसरे सलग एकच पीक आले तर रासायनिक विविधतेच्या दृष्टीने शिवार गरीबच राहते. ज्वारीत तूर घेण्याची जुनी रीत इथे नव्याने तपासण्याजोगी आहे. लोहाशी बांधलेले स्फुरद मोकळे करणारे पिसिडिक आम्ल तुरीची मुळे सोडतात, हे १९९० सालीच सिद्ध झाले आहे. झाडाची रसायने मोजणारा शास्त्रज्ञ आणि किरळ, आंब, बंबाखू ओळखणारा शेतकरी एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहत आले आहेत. वाणाची निवड या दोघांनी मिळून केली, तर फवारणी हा बचावाचा पहिला उपाय न राहता शेवटचा उपाय ठरेल.